जुळे की बाळे

वंगारी एजंटानं सात रस्त्याला गाडी थांबवली,
हेल्मेट वर सारून विचारलं,
मॅडम, आधी कुठं? जुळे की बाळे?

त्याचं काही चुकलं नाही.
जुळे सोलापूर एवढं लांबलचक कोण म्हणतंय,
आणि बाळे तर बाळेच, पुणे रस्त्यावरचं, खंडोबाचं,
त्याला दुसरं नावच नाही.
इरेश गाडीच्या आरशात बघत राहिला.
मी म्हटलं, जे जवळ ते.

जुळ्यातला दुसरा मजला, पूर्वेला दार,
बत्तीस लाख, पार्किंगचे वेगळे.
पाणी पाचव्या दिवशी, रात्री दीडला.
टाकी मोठी आहे की, काळजी नको, वंगारी म्हणाला.
खालच्या बाईनं न विचारताच सांगितलं,
टाकी मोठी आहे, पण मोटरची किल्ली सेक्रेटरीच्या खिशात.
भाजी जवळ, दवाखाना जवळ.
शाळा तर दोन आहेत, एक सीबीएसई.
मी ओट्याची उंची वितीनं मोजत होते.

लहान खोली निळी.
छताला आधीच्या मालकानं चिकटवलेल्या चांदण्या.
अंधारात चमकतात, म्हणून वंगारीनं खिडकी लावून घेतली.
चमकल्या. थोड्या.
जाताना या काढून नेणार का ते? इरेशनं विचारलं.
अख्ख्या बत्तीस लाखांत त्यानं विचारलेला
हा एकच प्रश्न.

बाळ्यात अजून प्लास्टर ओलं.
सहावा मजला, लिफ्टच्या जागी खड्डा आणि आडवी फळी.
सव्वीस. बोअरचं पाणी, खारट, पण रोज.
बाल्कनीतून हायवे, पलीकडं ज्वारीचं रान,
काढून आडवी टाकलेली ताटं,
आणि वारा असा की माझ्या हातातला नकाशा
दोनदा तोंडावर आला.
इथं शाळा?
असं मीच विचारलं. का विचारलं, काय की.
वंगारीनं घसा खाकरला. पुढं येणारे, म्हणाला.
सगळं पुढं येणारे, बगा.

रात्री वहीत दोन रकाने पाडले.
पहिल्या हप्त्याचे पैसे पोस्टात होते,
पासबुकावर पेन्सिलीनं मीच लिहिलेलं, डॉ.
दोनदा पुण्याला जाऊन आलो,
हे तिसऱ्या खेपेचे उरलेले.
डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या,
यात जुळी होण्याचा संभव असतो हं, चालेल ना?
चालेल चालेल, आम्ही दोघंही एकदम म्हणालो होतो,
कुणी लग्नात वाढायला आल्यावर म्हणावं तसं.

परतीच्या एसटीत मी झोपायची
ती टेंभुर्णी, मोहोळ काही कळायचं नाही.
मग कंडक्टर दांडीवर पंच आपटून ओरडायचा,
बाळे, बाळे, उतरणारे पुढं या.
दोन्ही वेळा जागी झाले ती त्या हाकेनं.
दोन्ही वेळा इरेश म्हणाला, आपलं अजून यायचंय, झोप.

रकाने भरले. व्याज, मेंटेनन्स, रिक्षाचं भाडं.
खारट पाण्यानं भांड्यांवर पांढरे डाग पडतात,
इरेशनं लिहिलं, आणि माझ्याकडं बघितलं.
पडू देत.
मला रात्री दीडला जागून
कशाची वाट बघायची नाही आता.

पासबुकावरचं पेन्सिलीचं मी खोडलं.
खोडरबर जुनं, त्यामुळं डॉ गेला,
टिंब राहिलं.

सकाळी वंगारीला फोन लावला.
तो मंगळवार बाजारात, मागं नुसता गलका,
कोथिंबिरीची भांडणं, कुणाचा तरी भोंगा.
कोणतं म्हणालात मॅडम? ऐकू येईना.
बाळे, मी म्हटलं.
काय?
बाळे, बाळे!
शेजारच्या खिडकीतून कुणी तरी डोकावलं,
आणि आत इरेशनं
चहाखालचा गॅस बारीक केला.