तिसरी पायरी

कुरामोतोबाईंनी दारात बूट काढले,
आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय टेकण्याआधीच म्हणाल्या,
ही करकरते.
करकरली.
घरमालक प्यो जोंगसिक माझ्याकडे बघत राहिले.
मी दुभाषी. तासावर पैसे घेते.
म्हटलं, यांना पायरी आठवतेय.
"आठवणारच. आम्ही मागच्या दाराने यायचो,
जिना कधी पाहिलाच नाही."
यातलं अर्धंच मी पलीकडे नेलं.

परसात पर्सिमन.
बाबांनी लावलं, बाई म्हणाल्या.
खड्डा माझ्या बापाने खणला, हे म्हणाले.
झाडाला यंदा फळ नव्हतं.

मग गुनसानच्या बंदराचा विषय निघाला.
बाबा ओसाकाला तांदूळ पाठवायचे,
गोणीगोणीवर शिक्का,
दाणा इकडचा तिकडे व्हायचा नाही.
कोरियनमध्ये 'निर्यात' आणि 'लूट'
यांत जेमतेम एका अक्षराचा फरक.
जीभ घसरली की संपलं.
मी जपून 'निर्यात' म्हटलं.
प्यो हसले. "म्हण, पोरी, म्हण.
आम्ही मांचुरियाची भरड खायचो.
कोंबड्या नको म्हणायच्या असली."

आतून त्यांची वहिनी ओरडली,
त्यांच्या डॉक्टरने माझ्या आईला विषमज्वरातून उठवलं,
तेही सांग की!
नको सांगूस, प्यो म्हणाले.
मी सांगितलं.
बाईंनी नुसती मान हलवली.
डॉक्टरचं नाव त्यांना आठवेना.

चहा आला. कोणी हात लावला नाही.
बाईंनी विचारलं, आपलं नाव काय?
मी तोंड उघडणार, तोच प्यो म्हणाले,
"मात्सुयामा. चौदाव्या वर्षापर्यंत."
जपानीत.
छडीखाली पाठ केलेल्या, शाळकरी पोराच्या जपानीत.
"आणि ही मुलगी," माझ्याकडे बोट,
"तुम्हाला अर्धंच सांगते."

माझे कान तापले.
सकाळपासून ते सगळं ऐकत होते,
दोन्हीकडचं.

मग ते बाईंशी बोलू लागले, सावकाश,
वाळवणातले खडे वेचावेत तसे शब्द वेचत.
बापाच्या पाठीबद्दल. धक्क्याबद्दल.
एका वाक्यात एक प्रत्यय चुकला,
आणि बाईंनी तो, नकळत, सुधारला.
सुधारला, आणि हात तोंडावर नेला.

प्यो ताठ बसले.
बरोबर प्रत्यय लावून
त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं,
वर्गात उभं राहून म्हणावं तसं.

तिथून पुढचा तास
मी बिलात लावला नाही.