सरकलेला आवाज

रेंज ऑफिसच्या मागच्या खोलीत
सहा सेट पडलेत, पोट वर करून.
चिमट्यानं एकेक क्रिस्टल उपटतो:
ताइताएवढी पत्र्याची डबी, दोन पाय,
पाठीवर कोरलेला एकच आकडा.
जन्मभर तेवढंच बोलायचं.
दुसरा चॅनल हवा तर बंगळूरला चिठ्ठी
अन् तीन महिने वाट.

आता ही पाटी, सिंथेसायझरची.
मांडाल तो आकडा.
हिरवा दिवा लागला की समजायचं, धरलं.

मडावीबाबा स्टुलावर बसून बघतायत.
एकतीस वर्षं हेडफोनात गेलेले कान.
म्हणतात, "मे महिन्यात दुपारी
टेकडीवरच्या मचाणाचा सेट तापे,
जरासा सरके.
आवाज फाटला का नाव सांगाच्या आधीच
मी म्हणो, बोल लालसू, पाणी पेला का?
आता सारेच सरळ बोलन.
ओळखाचं कसं?"

माझ्याकडे उत्तर नाही, सोल्डर आहे.
पाटी उलटी करून दाखवतो:
बघा, इथंही एक क्रिस्टल आहेच.
त्यालाच भागून, ताडून
बाकीचे सगळे आकडे काढायचे.
बाबा चष्मा वर सारून वाकतात.
"म्हंजे साऱ्यायचं काम
एकटाच करते बिचारा."

संध्याकाळी चाचणी.
मचाणावरून आवाज आला:
स्वच्छ, तासलेला, कुणाचाही.
बाबांनी विचारलं, "कोण?"

"मी ना बाबा. लालसूचा पोरगा."

बाबांनी सेटवर तळहात ठेवला.
थंड होता.