कोबी चिरताना

पहिला संशय पेंटरवर घ्यायला पाहिजे.
इक्बालभाईंनी आमच्या गाड्यावर ड्रॅगन काढला.
ड्रॅगन त्यांनी कधी बघितला नव्हता,
घोरपड बघितली होती, दुधनेच्या पुलाखाली.
तेव्हापासून सेलूच्या स्टँडवर कुणी ना कुणी म्हणायचं,
'पाटीवर हाय तेच कढईत हाय बरं का!'
हसायचे, आणि हाफ प्लेट सांगायचे.

मग एक दिवस हसणं गेलं.
वाक्य तेवढं उरलं.

कुणी म्हणालं मांजर.
कुणी म्हणालं, कोंबड्या मेलेल्याच उतरतात टेम्पोतून.
कुणी म्हणालं, कोबी प्लास्टिकचा, जाळून बघा.
आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी खरंच जाळला.
घाण वास आला म्हणे.
त्याआधी त्यांनी कोबी कधी जाळला नव्हता.

शाळेतून आले की मी आठ गड्डे चिरते.
अळी निघाली तर उंबऱ्याबाहेर टाकते.
मैदा, कॉर्नफ्लॉवर, आलं-लसूण, मीठ.
लाल रंग चिमूटभर,
बाजाराच्या दिवशी दोन चिमूट.
एवढं सांगून थांबले की लोक विचारतात, 'अन्?'
जसं काही शेवटचं नाव मी गिळून टाकलं.

अन् एक पांढरा कॅन आहे.
पाच लिटरचा, काळ्या सॉसचा.
जालन्याचा एक माणूस आणून देतो.
लेबलच्या जागी वाळलेल्या डिंकाचा चौकोन.
मी एकदा पप्पांना विचारलं होतं, यात काय असतं?
पप्पा म्हणाले, 'चव.'

परभणीहून साहेब आले.
चार बाटल्यांत मंचुरियन भरलं, लाख लावली.
पप्पांनी सही केली, एकेक अक्षर थांबत,
भु, जं, ग.
बघणाऱ्यांपैकी एकजण फिसकन हसला.
नावही नेमकं तेच निघालं.

अहवाल यायचाय.
गाडा ताडपत्रीखाली आहे.
गणिताचे धोंडगे सर आता रस्त्याच्या पलीकडून जातात,
ज्यांना कडेचे, जरा जळलेले तुकडे लागायचे.

घरी मम्मी भाकरी थापते. अंबाडीची भाजी, ठेचा.
पप्पांचं रोजचं जेवण हेच.
नऊ वर्षांत त्यांना गाड्यावरचं खाताना
मी बघितलेलं नाही.
'दिवसभर जाळापाशी उभं राहिल्यावर
कुणाला वाटंल खावं?' मम्मी म्हणते.
खरंच असेल.
काल मी विचारणार होते.
ठेच्याची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

वर्गात आकांक्षा दर वेळी विचारायची, मेंदी काढलीस का गं?
मी हो म्हणायचे.
आज सहावा दिवस, बोटं जवळजवळ माझी झालीत.
नखांच्या कडेला थोडा लाल राहिलाय.
मोरीत, दार लावून, मी तो चाटून बघितला.

कसलीच चव लागली नाही.