गुरुवारी बंद

मालिकेचं नाव ठरलं तेव्हा सगळे खूश.
पुण्यात ही पाटी कुणाला समजावून सांगावी लागत नाही.
पाणी बंद, दुकान बंद, वीज बंद,
आणि आमच्या पंथात तोंड बंद.
गुरुवारी उजाडल्यापासून दिवे मालवेपर्यंत
घरात कुणी एक शब्द बोलायचा नाही.
मी मीटिंगमध्ये हे सहज सांगितलं,
तर गौतमी म्हणाली, "अगं, हा तर अख्खा एपिसोड आहे."

तसे मी त्यांना बेचाळीस दिले.

घरात आरसा ठेवायचा नाही, म्हणून
बाबा कुकरच्या झाकणात बघून दाढी करायचे: एपिसोड तीन.
आत्याने पंथाबाहेर लग्न केलं,
घरच्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली: एपिसोड अकरा.
त्यात ऐन वेळी गीझर बिघडतो,
सगळे कुडकुडत शोक करतात.
लोक फार हसले म्हणे.
आत्या कोंढव्यात राहते. मी तिला फोन केला नाही.

धायरीला पूर्वी गुळाचं गोदाम होतं,
तिथे आमचं बिबवेवाडीचं घर उभं राहिलं,
प्लायवूडचं, तीन भिंतींचं.
दमट हवा पडली की अजून वास सुटतो
आणि मुंगळे पोथीच्या फळीवर चढतात.
माझं नाव शेवटी पळत्या अक्षरांत: सल्लागार.
काम एवढंच,
नियम बरोबर मोडला जातोय ना, ते बघायचं.

घरी टीव्ही नाही. कधीच नव्हता.
आईला सांगितलं होतं, गोदामात हिशोबाला जाते.
अगदीच खोटं नव्हतं ते.

एका बुधवारी ती डबा घेऊन आली.
मार्केटयार्डात कांद्यांपाशी कुणीतरी म्हणालं होतं,
"तुमची मुलगी तुमचं घर दाखवते."
मला वाटलं, संपलं आता.

ती उंबरठ्याशी थांबली. उंबरठा थर्माकोलचा.
चपला काढल्या, आत गेली.
फडताळावरचा तांब्या उचलून पालथा घातला;
तो पालथाच असतो, मी विसरले होते.
मग खिडकी उघडली.
मागे कापडावर रंगवलेली पर्वती,
आणि पर्वतीच्या पायथ्याशी बाबा,
म्हणजे खळदकर,
आमच्या पंथाचं पांढरं उपरणं सावरत
वडापावातली मिरची शोधताना.

आई हसली.

आमच्यात बायकांनी हसायचं
ते पदराचा बोळा दाताखाली धरून.
चौतीस वर्षं मी तो बोळा बघितला होता,
ओला, चुरगळलेला.
हसू ऐकलं नव्हतं.
ते वर चढतं, उतरताना मधेच अडखळतं,
उचकीसारखं काहीतरी, आणि परत सुरू.
खळदकर मिरची हातात धरून उभेच राहिले.

शिरीष टिल्लूचा माईक चालू होता.
विकतच्या हसण्यात एकही माणूस आपल्याकडचा वाटत नाही,
अशी त्याची पहिल्या दिवसापासून कुरकुर.
त्याने आईला रीतसर विचारलं.
आईने मला विचारलं, "चेहरा दिसतो?"
नाही.
"नाव?"
नाही.
"मग नियमात बसतं," म्हणाली,
आणि डबा उघडला. थालीपीठ होतं, गार झालेलं.

आता बाबा चुकले की ती हसते,
नांदेडात, चंद्रपुरात,
तिने कधी न पाहिलेल्या गावांत, जेवणाच्या वेळी.
एकोणिसाव्या एपिसोडनंतर आत्याचाच फोन आला.
आंघोळीबद्दल काही बोलली नाही.
"वहिनी आहे ना ती?" एवढंच,
आणि मग बराच वेळ
दोन्हीकडून नुसता कोंढव्याचा ट्रॅफिक.

नऊ वाजता आमचे दिवे मालवलेले असतात.
खालच्या मजल्यावर कुणीतरी टीव्ही लावतं
आणि फरशीतून ते हसू वर येतं.
बाबा कूस बदलतात.
"कोण गं ही बाई," म्हणतात, "केवढ्याने हसते."

आई काही बोलत नाही.
सोमवार असतो.