नदीचं रीडिंग

एकतीस वर्षं मी पाणी वाचलं ते काचेआडून.
भांडुप, कांजूर, टेंभीपाडा:
जिन्याखाली वाकून, मीटरवरची धूळ बोटाने पुसून,
कुत्र्यांची समजूत काढून.
आकडा कधी मागे येत नाही
एवढंच मला पाण्याबद्दल ठाऊक होतं.

निवृत्तीला शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
तळमजल्यावरची तेजल म्हणाली, मावशी, एक वर्ष द्याल?
मानधन नावापुरतं. नदीचं काम आहे.
कुठली नदी, मी विचारलं.
जन्म मुंबईत काढून
मी विचारलं, कुठली नदी.

दहिसर.
पुलावरून नाक दाबून जिला आम्ही नाला म्हणत आलो
ती वर जंगलात, उंबरशेताच्या पाड्यापाशी
ढोपरभर खोल, तळाचे खडे दिसतील इतकी नितळ.
मी चपला काढल्या. का, ते माहीत नाही.

पाड्यात एकोणीस घरं. नळ शून्य.
डोंगरापलीकडे तलाव, त्यातलं पाणी
माझ्याच खात्याच्या पाइपातून शहराला जातं.
हे मी मंजी वरठ्याला समजावायला गेले.
ती म्हणाली, आमाला म्हाइत हाय. बस. चा घे.

उंबराखाली आम्ही पट्टी रोवली, लाल-पांढरी,
सेंटिमीटरच्या खुणांची.
सकाळी साडेसातला रीडिंग. वही दोनशे पानी.
ऑक्टोबर: ४१, ४०, ४०, ३८.
अक्षर माझं अजून खात्यातलंच, तिरकं.

नोव्हेंबरात कांदिवलीच्या एका टॉवरखालून
सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणल्या.
माती भरायची, तोंड शिवायचं, प्रवाहात आडवी रचायची.
माझे टाके लांब पडत.
मंजी ते उसवायची, न बोलता पुन्हा शिवायची,
आणि दाभण माझ्याच हातात परत द्यायची.

मागच्या साली होळीला तळ उघडा पडला होता.
यंदा एकोणतीस एप्रिल.
अहवालात हे शोभून दिसतं.
मेमध्ये मात्र बाया पुन्हा डोंगर उतरल्या,
तीन हंडे, दोन खेपा.
तेही मी लिहिलं. त्याला रकाना नव्हता, समासात लिहिलं.

मग ऑगस्टातली ती रात्र.
पट्टी गेली, गोण्या गेल्या, उंबराची अर्धी मुळं हवेत.
मोबाइलवर इशारा आला सकाळी सहा दहाला.
मंजीने खालची तीन घरं दोन वाजताच उठवली होती,
कोंबड्यांसकट.

कसं कळलं?
तिने कंदील वर धरला, नदीकडे बोट केलं.
तो खेकड्याचा दगड. त्याच्या वर सुईणीचा.
त्याच्या वर, माझी सासू बसायची तो.
सासू बुडली का निघायचं.

माझ्या पट्टीच्या कितीतरी आधीपासून
तिथे रोज कोणीतरी रीडिंग घेत होतं,
धुण्याला येताना, लेकराचा पाय धुताना,
आणि मला वाटलं होतं की पहिलं पान मी लिहिलं.

पुढचे दिवस वही अशी आहे:
सोळा, सुईणीच्या गुडघ्याला.
सतरा, खेकडा अर्धा.
एकोणीस, खेकडा पूर्ण दिसला, पाठीवर शेवाळ.
संस्थेतल्या अल्ताफने संगणकावर भरताना विचारलं,
मावशी, एकक काय लिहू?
मी म्हटलं, दगड.
तो हसला नाही. त्याने दगड लिहिलं.
मग दोघं टेप घेऊन गेलो, सासूची उंचीही मोजली:
एक मीटर बासष्ट.
मंजी म्हणाली, जितेपणी इतकी नव्हती.

वर्ष तीस सप्टेंबरला संपलं.
प्रमाणपत्र घड्याळाशेजारी टांगलंय.
संध्याकाळी जिन्याखाली जाते उगाच,
आमच्या इमारतीचा मीटर बघते.
काटा फिरतो. कोणाच्या तरी घरी बादली भरते आहे.
हे कुठून आलं, कोणाला वळसा घालून,
असं पूर्वी कधी मनात यायचं नाही.

काल फोन आला. मागे पाण्याचा आवाज होता.
गोण्या जमल्यात, मंजी ओरडून म्हणाली,
पण जुनं दाभण गंजलं.
येशील तवा नवं आण. जाड सुतळी पण.

येशील का, असं तिने विचारलं नाही.