पाव कोणाचा

विटम नदीच्या काठी, टेकडीच्या पायथ्याशी,
जिथे आता तासाचे पैसे भरून मोटारी उभ्या करतात,
तिथे करड्या झग्यांच्या भिक्षूंचा एक ओलसर मठ होता.
कमरेच्या दोरीला तीन गाठी, झग्याला खिसाच नाही,
नाण्याला शिवायचं नाही, काठीच्या टोकानेसुद्धा.

त्यांतला एक थर्स्टन.
पॅरिसला शिकून आलेला, टाचांना भेगा,
डोक्यात अरबांच्या हातून आलेला ग्रीकांचा तर्क,
आणि रोज सकाळी हातात रिकामी झोळी.

गोडलेवा भटारीण त्याला बुडाशी करपलेला पाव द्यायची.
चांगले पाव चढणीने वर, कॅथेड्रलकडे जात.

एका नोव्हेंबरात,
धुकं नदीतून उठून थेट परातीत शिरत होतं तेव्हा,
पिठाचे हात झटकत तिने विचारलं,
"बाबा, तुमच्या मालकीचं म्हणे काहीच नसतं.
मग हा पाव आता कोणाचा?
दिला, म्हणजे माझा राहिला नाही.
घेतलात, पण तुमचा झाला नाही.
घशाखाली उतरेल तेव्हा तरी
कोणाचा ते ठरवा की हो."

तो हसला. चार पावलं गेला. थांबला.
त्या दिवशी तो पाव कोणी खाल्ला नाही.

मग सात हिवाळे तो लिहीत बसला.
आधी विरोधकाचं म्हणणं,
विरोधकालाही सुचलं नसतं इतकं नेटकं.
ही त्यांची रीतच होती:
समोरच्याला त्याच्या सणाच्या कपड्यांत उभं करायचं
आणि मग तोंड उघडायचं.
असं दिसतं की खाणारा मालक होतोच,
कारण खाल्लेलं परत करता येत नाही.
पण याउलट, घोडा ओट खातो
आणि ओट काही घोड्याचे नसतात.

"घोडा," गोडलेवा म्हणाली,
"माझ्या दारात येऊन आशीर्वाद देत नाही."
तेही त्याने लिहून घेतलं. समासात.

मालकी वेगळी. वापर वेगळा.
आणि दोहोंच्या मध्ये, केसाएवढं बारीक, तिसरं काहीतरी,
जे दुष्काळात दुसऱ्याच्या कोठारात हात घालणाऱ्या
उपाशी माणसाजवळही असतं,
शिक्का नसला, कागद नसला तरी.
हे आम्ही सोडलंय, असं त्याला सिद्ध करायचं होतं.
पण सोडायचं तर ते काय आहे हे सांगायला हवं,
आणि सोडता येतं ते आधी आपलं असावं लागतं.
इथे त्याची लेखणी तुटली म्हणतात.
मला वाटतं, शाई गोठली असेल.

निकाल त्याच्या विरुद्ध गेला.
चोपडी कोणीतरी उसवली,
तिचं चामडं दुसऱ्या ग्रंथांच्या पाठीला चिकटवलं.
एक पान बोलोन्याला पोचलं, एक सालामांकाला,
वकिलांच्या टेबलांवर, ज्यांना भूक ठाऊक नव्हती.
नाव खरवडलं गेलं. शब्द राहिला.
पुढे एका राजाने मठच विकला, दगडाच्या भावाने.

मंगळवारी संध्याकाळी,
त्या मोटारतळाला लागून असलेल्या मेथडिस्ट हॉलमध्ये
मी शिध्याच्या पिशव्या भरतो:
दोन डबे बीन्स, पास्ता, चहा, एक पाव.
लीअन कॉथॉर्न आली, वृद्धाश्रमातली रात्रपाळी तोंडावर घेऊन.
फॉर्मवर एक खोचक रकाना आहे,
"मदत का हवी?"
तिने पेन खाली ठेवलं.
"मी भीक मागत नाहीये. माझा हक्क आहे हा."

मागच्या रांगेत कोणी मान वर केली नाही.
घराच्या किल्ल्या टेबलावर टाकाव्यात
इतक्या सहज तिने तो शब्द टाकला होता.

मी पिशवी पुढे सरकवली.
तिने पाव काढला, उलटा करून पाहिला.
"करपलाय की बुडाशी."
आणि परत पिशवीत ठेवला, सगळ्यात वर,
चेपू नये म्हणून.

कोणाचा, ते मी विचारलं नाही.