पुलाखालची पट्टी

पट्टण पंचायतीनं माहिती मागवलीय खानापूरची,
वेशीवरच्या फलकासाठी. ओळी आठ.
त्यातल्या चार कानडीत.
एकतीस वर्षं मी पुलाखालच्या पट्टीवर
मलप्रभेचं पाणी वाचलं,
सकाळी सातला, संध्याकाळी पाचला,
म्हणून त्यांना वाटतं, मला गाव ठाऊक आहे.

कुठून धरू?
कणकुंबीच्या रानात झरे उगवतात
एकाच ओलीत, एकाच जळवांच्या शेजाराला.
एकाचं पाणी गोव्याकडे उतरतं, घाटातनं उड्या मारत,
दुपारच्या जेवणाला समुद्रावर.
दुसरं, आमचं, त्या समुद्राला पाठ फिरवतं.
शेजारचं घर टाकून
पार पलीकडच्या दर्याला निघालेली बाई ती,
पुढं कधीतरी कृष्णेचं बोट धरणार.
त्याआधी तिला पुरं म्हणावं असं पहिलं गाव
आमचंच भेटतं.
इथं ती जरा दम खाते.
वळते.
गाळ ठेवते.

त्या गाळाचं गाव.
लाल माती, बोट न सोडणारी;
तिचे रांजण, मग तिची कौलं.
मष्णू कुंभाराचा आजा म्हणे मांडीवर कौल वळायचा,
म्हणून जुन्या छपरांवर अजून
माणसांच्या मांड्या पालथ्या निजल्यात,
जाड, बारीक, एखादी पोरसवदा.
मष्णू शिडीवर चढून सांगतो:
ही आज्याची. ही धाकट्या चुलत्याची, लंगडायचा तो.

पुढं यंत्र आलं, चिमणी आली,
कौलावर इंग्रजी शिक्का आला.
रेल्वेनं कौलं गेली, मीठ आलं.
त्याआधी मीठ बैलांच्या पाठीवर यायचं,
फिरंग्याच्या नाक्यावर जकात भरून,
आणि घाटात पाऊस गाठला तर
निम्मं रस्त्यालाच चाटवून.

हलशीचे राजे? लिहितो की.
त्यांनी जमिनी दिल्या तांब्यावर कोरून,
चंद्रसूर्य असेतो.
चंद्रसूर्य आहेत.
जमिनीचं तलाठ्याला विचारा.

मग छप्पन्न साल.
सटवाप्पा गुरव, माझ्या आधीचा मोजणीदार,
त्याची वही माझ्याकडे आहे, कडा वाळवीनं खाल्लेली.
एकतीस ऑक्टोबर: चार फूट दोन इंच.
एक नोव्हेंबर: चार फूट एक.
मधल्या रात्री आम्ही सगळे, गुरंढोरं धरून,
मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलो.
सटवाप्पाचा शेरा: "वारा नाही."

पुढच्या वह्या कानडी अंकांत.
ते मी बायकोकडून शिकलो, चुलीपाशी, कोळशानं.
गंगव्वा बैलहोंगलची.
ती भांडते मराठीत, हिशेब करते कानडीत;
माझं उलटं.
त्यामुळं आमचं भांडण कधी हिशेबाला येत नाही.

एकोणीस साली पट्टी संपली.
दोन दिवस गंगव्वा उंबऱ्यावरनं सांगत होती,
"पाणी येऊलालंय, पाणी येऊलालंय,"
आणि तिसऱ्या पहाटे पुलाचा कठडाच दिसेना.
साहेबांचा फोन: आकडा सांगा.
म्हटलं, आकडा पाण्याखाली आहे साहेब.
ते म्हणाले, अंदाजे टाका.
त्या चौकटीत मी काही टाकलं नाही.
एकतीस वर्षांत एवढीच एक कोरी.

ओसरल्यावर घरात वीतभर गाळ,
रेशनच्या तांदळावर, लग्नाच्या फोटोवर.
मी फावड्यानं बाहेर ओढत होतो
तेवढ्यात मष्णू घमेलं घेऊन आला.
चिमटीत धरून बघितलं, जिभेला लावलं.
"टाकू नगो. अशी माती बापाच्या वेळंपासनं गावली न्हवती."
गंगव्वा त्याच्यावर ओरडली, मग रडली,
मग तिनंच दुसरं घमेलं आणून दिलं.

आठ ओळी अजून झाल्या नाहीत.
पंचायतीच्या माणसांनी फलकाच्या खांबांसाठी
दोन खड्डे मात्र खणून ठेवलेत.
आज सकाळी सातला जाऊन बघितलं:
पाणी आलंय दोन्हीत, लाल.
सवयीनं काठी घातली.
डावीकडे दीड वीत.
उजवीकडे थोडं कमी.
वारा नाही.